चांदबीबी विजापूरची की नगरची? आधी घर समजून घ्या

प्रश्नकर्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं आहे: ते आपल्या नाट्यसंस्थेसाठी चांदबीबीवर दोन अंकी नाटक लिहीत आहेत. वाचताना ती कधी विजापूरची राणी म्हणून भेटते, कधी अहमदनगरची. मग ती नक्की कुठली? पडद्यात राहणारी विधवा दरबार कसा चालवत असेल? सुलतान, वजीर, सरदार आणि जनाना यांत खरा जोर कुणाचा होता? आणि तिच्या हातात तलवार दिली तर ती नाटककाराची कल्पना ठरेल की इतिहास?

मी फारसी तवारिखा आणि मोडी कागद वाचतो, शिकवतो, आणि ऐतिहासिक नाटकांचे मसुदे तपासून देतो. सुलतानांवरच्या बहुतेक मसुद्यांत एक मांडणी हटकून आढळते. रंगमंचाच्या एका बाजूला दरबार, दुसऱ्या बाजूला जनाना. दरबारात पुरुष राजकारण करतात, जनान्यात बायका एकमेकींचा मत्सर करतात. दख्खनच्या सुलतानांच्या बाबतीत ही विभागणी पहिल्या प्रवेशापासूनच नाटकाला आडवाटेला नेते. तुमचे चारही प्रश्न तिथेच अडकले आहेत. इथे राजाचं घर हेच राज्य होतं. कुणाची मुलगी कुठे दिली, कुठलं लहान पोर कुणाच्या ताब्यात आहे, कुणाला दूधभाऊ मानलंय, कुठला गुलाम आता सरदार झालाय, यावर किल्ले हातात येत होते आणि जात होते. म्हणून आधी घर समजून घेऊ. दरबार त्यातून आपोआप उलगडेल.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. उत्तर बरंचसं यावर अवलंबून आहे की तुम्ही तिच्या आयुष्याचा कुठला तुकडा घेताय. विजापूरची १५८० ते १५८४ ही वर्षं आणि नगरची १५९५ ते १६०० ही वर्षं यांत तिचं स्थान निराळं आहे, माणसं निराळी आहेत. दुसरं, आपल्याला तिची जी हकीकत माहीत आहे ती मोठ्या प्रमाणात फिरिश्ता या फारसी तवारीखकाराकडून आलेली आहे. हा गृहस्थ आधी नगरच्या चाकरीत होता, १५८९ मध्ये विजापूरला आला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला ग्रंथ लिहिला. त्या इब्राहिमला लहानाचं मोठं चांदबीबीनेच केलं होतं. तेव्हा लेखणी तिच्या बाजूला झुकलेली आहे, हे धरूनच वाचायचं. त्यामुळे तो खोटं लिहितो असं होत नाही. पण तिच्या विरोधकांना आपली बाजू मांडायला त्याच्या पानांत फारशी जागा नाही. तुमच्या नाटकात ती जागा त्यांना जरूर द्या.

आता पहिला प्रश्न. चांदबीबी जन्माने नगरची आणि लग्नाने विजापूरची. हुसेन निजामशहा पहिला आणि खुंझा हुमायून यांची ती मुलगी. जन्म १५५० च्या आसपासचा. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध सुलतानांची जी एकजूट झाली आणि जिचा शेवट जानेवारी १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईत झाला, ती आधी लग्नांनी बांधली गेली. चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला दिला. उलट बाजूने अलीची बहीण हदिया सुलताना नगरच्या मुर्तझाला, म्हणजे चांदबीबीच्या भावाला, दिली. आपल्याकडे ज्याला साटंलोटं म्हणतात तेच हे. तिची आणखी एक बहीण गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाच्या घरात दिलेली होती.

सोलापूरवर मात्र जरा थांबा, कारण हा किल्ला या दोन्ही घराण्यांच्या लग्नांतला कायमचा पाहुणा आहे. १५२४ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहा पहिल्याचं लग्न विजापूरच्या मरियमशी सोलापुरातच लागलं. आंदण म्हणून सोलापूर देण्याचं ठरलं होतं असं नगरवाले म्हणाले. विजापूरने तो दिला नाही. आणि त्यावरून लढाया झाल्या. चाळीस वर्षांनी तोच किल्ला उलट्या दिशेने, चांदबीबीच्या पावलांनी विजापूरला गेला. पुढे १५८४ च्या आसपास विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिमची बहीण खदिजा नगरच्या मुर्तझाचा मुलगा मिरान हुसेन याला दिली. तेव्हा नगरचा वजीर सलाबतखान अडून बसला: आधी सोलापूर द्या, मग लग्न. तोवर नवरी मुलगी नगरमध्ये पोचलेली होती. चांदबीबी तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून माहेरी आली होती. तुमच्या दोन अंकांमधला दुवा शोधत असाल तर तो हा आहे. ती विजापूर सोडून नगरला का गेली याची लांबलचक कारणमीमांसा लिहू नका. दिराच्या पोरीला सासरी पोचवायला आलेली बाई आणि एका किल्ल्यावरून खोळंबलेलं लग्न, एवढं पुरेसं आहे.

ही घराणी बाहेरून आलेली, परकी, अशी समजूत धरून लिहू नका, हेही इथेच सांगतो. निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा परभणीकडच्या पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या ब्राह्मण घरातला. लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागला आणि गुलाम म्हणून वाढून थेट बहमनी वजीर झाला. त्याचा नातू बुऱ्हाण केवळ पूर्वजांचं गाव म्हणून पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशहाशी भांडला. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ इराण-तुर्कस्तानकडून आलेला, पण त्याची बायको पुंजी खातून मराठ्यांची मुलगी, मुकुंदराव नावाच्या सरदाराची बहीण. पुढचे सगळे आदिलशहा तिच्या पोटातून आलेले आहेत, आणि सोलापूरच्या लग्नातली मरियम ही तिचीच मुलगी.

या पुंजी खातूनकडे नीट बघा, कारण तुमच्या तलवारीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यापाशी आहे. यूसुफ १५१० मध्ये गेला तेव्हा मुलगा इस्माईल लहान. कारभार कमालखानाकडे आला आणि त्याने हळूहळू गादीच बळकवायचा बेत केला. आईने बाहेरून फौज बोलावली नाही. तिच्याकडे फौज नव्हतीच. तिने घरातला एक जुना विश्वासू माणूस पाठवला आणि त्याने भेटीत, विडा घेण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन कमालखानाला खंजीर मारला. त्यावर कमालखानाच्या आईने जे केलं ते एखाद्या नाटककाराने रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच होतंय. तिने रडणं दाबलं, मुलाचं प्रेत सजवून सज्जात बसवलं, म्हणजे लोकांना वाटावं तो जिवंत आहे, आणि नातू सफदरखानाला राजवाड्यावर हल्ला करायला लावलं. राजवाड्यात माणसं थोडी होती. पुंजी खातून आणि यूसुफची दूधबहीण दिलशाद आगा या दोघी पुरुषी पोशाख आणि चिलखत चढवून, धनुष्यबाण घेऊन तटावर उभ्या राहिल्या. सफदरखानाला बाण लागला, तो भिंतीच्या आडोशाला गेला आणि वरून ढकललेल्या धोंड्याखाली मेला. हे १५११ मधलं.

म्हणजे घरावर आलं की घरातल्या बायकांनी शस्त्र घ्यायचं, हे चांदबीबीच्या सासरी तिच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आधी घडून गेलेलं होतं. सून म्हणून तिने ही गोष्ट ऐकली असणार, असं मी मानतो. कागदात तसं लिहिलेलं नाही, पण सासरच्या घरात अशी गोष्ट सुनेच्या कानावर पडल्यावाचून राहत नाही. आणि त्यात दिलशाद आगा आहे, हे विसरू नका. ती रक्ताची नाही, दुधाची. या घरांत दुधाचं नातं रक्ताच्या नात्याच्या पंगतीला बसे. पात्रांच्या यादीत दाई, दूधभाऊ, ख्वाजासरे (जनान्याच्या चाकरीतले खोजे) यांना ‘इतर’ म्हणून शेवटी ढकलू नका. बहुतेक खून आणि बहुतेक सुटका त्यांच्या हातून झाल्या आहेत. खुद्द अली आदिलशहा १५८० मध्ये एका ख्वाजासऱ्याच्या खंजिराने मेला.

दुसरं उदाहरण माहेरचं, आणि ते उलट्या प्रकारचं आहे. हुसेन निजामशहा १५६५ मध्ये लढाईनंतर लवकरच वारला. मुर्तझा वयाने लहान, म्हणून आई खुंझा हुमायून कारभार बघू लागली. तिने आपल्या भावांना मोठ्या जागा दिल्या, सरदार दुखावले, आणि शेवटी मुलानेच सरदारांच्या मदतीने आईला कैद केलं. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचं सचित्र हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेनशहाची आणि या राणीची स्तुती केली आहे. त्यातल्या चित्रांत राणी सुलतानाला बिलगून, त्याच्या शेजारी काढलेली होती. बहुतेक चित्रांत नंतर तिच्यावर रंग फासून तिला पुसून टाकलंय. पण तिची जागा रिकामी दिसते आणि सुलतानाचा हात अधांतरी राहिलाय. तुमच्या नेपथ्यकाराला आणि वेशभूषा करणाऱ्याला ही चित्रं जरूर दाखवा. सोळाव्या शतकातल्या नगरच्या राजघराण्याचा पोशाख, बैठक, छत्र, दासी, सगळं तिथे आहे. मुख्य म्हणजे त्या पुसलेल्या जागा तुम्ही स्वतः बघा. आईचं असं झालं तेव्हा चांदबीबी विजापूरला होती, विशीच्या आत-बाहेर.

आता तुमचा मधला प्रश्न: पडद्यातली विधवा दरबार कशी चालवत होती? अलीला मुलगा नव्हता. त्याने भाऊ तहमास्पचा मुलगा इब्राहिम याला वारस ठरवलं होतं. इब्राहिम नऊ वर्षांचा, चांदबीबी तिशीची. मुलाचं संगोपन आणि शिक्षण तिच्याकडे, कारभार वकिलाकडे, म्हणजे सुलतानाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या मुख्य कारभाऱ्याकडे, अशी वाटणी झाली. कागदावर ही वाटणी साधी दिसते. व्यवहारात जो मुलाला सांभाळतो त्याच्याकडेच गादी असते, कारण फर्मान मुलाच्या नावाने निघतं, खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, मुलाच्या नावाने वाचला जातो, नाणं त्याच्या नावाने पडतं. चांदबीबीकडे फौज नव्हती, जहागिरीचे सरदार तिचे बांधील नव्हते. तिच्याकडे हा मुलगा होता, मयत सुलतानाची विधवा म्हणून मान होता, आणि नगरच्या सुलतानाची बहीण हे नातं होतं. कुणाला वकील म्हणून मान्य करायचं आणि कुणाची मान्यता काढून घ्यायची, एवढंच तिच्या हातात. फौज लागली की एका सरदाराविरुद्ध दुसरा सरदार उभा करावा लागायचा.

आणि प्रत्येक वेळी तो दुसरा सरदार उलटला. पहिला वकील कामिलखान दख्खनी. तो तिलाच जुमानेना, तेव्हा तिने हाजी किश्वरखानाला हाताशी धरून त्याला काढलं. किश्वरखानाने नगरच्या फौजेविरुद्ध जय मिळाल्यावर इतर सरदारांकडून पाडाव केलेले हत्ती मागितले, सरदार चिडले, त्याने मुस्तफाखानासारख्या मातब्बर माणसाचा काटा काढला, आणि चांदबीबीने आवाज उठवताच तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत धाडलं. अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे. मग इखलासखान, हमीदखान, दिलावरखान हे हबशी सरदार उठले, किश्वरखान पळाला, ती सुटून आली. इखलासखान वकील झाला. एवढ्यात नगर आणि गोवळकोंड्याच्या फौजा विजापूरला भिडल्या, म्हणजे तिच्या माहेरची फौज तिच्या सासरच्या तटाखाली. शहरात माणसं अपुरी, सरदार आपसात फुटलेले. तेव्हा तिने अबुल हसनला पुढे आणलं. त्याच्या बोलावण्यावरून बर्गी मराठ्यांची पथकं आली आणि त्यांनी वेढा घालणाऱ्यांची रसद तोडली. वेढा उठला. आणि लगेच दिलावरखानाने इखलासखानाचे आणि अबुल हसनचे डोळे काढले आणि पुढची आठ वर्षं स्वतः राज्य केलं. चांदबीबी पुतणीचं लग्न घेऊन नगरला गेली ती याच काळात.

इतकी नावं वाचून गोंधळ उडाला असेल तर इथे क्षणभर थांबून बघा. कामिलखान, किश्वरखान, इखलासखान, दिलावरखान, चौघांची गोष्ट एकाच साच्यातली आहे: मुलगा बाईच्या पदराखाली, तलवार सरदाराच्या हाती, दोघांना एकमेकांची गरज, आणि सरदाराला वाटू लागतं की बाईची गरज आता उरली नाही. रंगमंचावर चारही आणू नका. दोन पुरेत. मी असतो तर किश्वरखान आणि दिलावरखान ठेवले असते, कारण एकाने तिला कैद केलं आणि दुसऱ्याने, तिला हातही न लावता, निकामी केलं.

या सरदारांचे गट मात्र प्रेक्षकांना कळलेच पाहिजेत. दख्खनी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथले झालेले मुसलमान. आफाकी, म्हणजेच परदेशी, इराण-तुराणातून नव्याने आलेले. लिहिण्यावाचण्यात तरबेज, बहुतेक शिया. हबशी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले आणि सैन्यात वर चढलेले. ते बहुधा दख्खन्यांच्या बाजूने. चौथे मराठे. पंथाची बाब घराच्या आतही शिरलेली होती: अली शिया, त्याचा बाप सुन्नी, पुतण्या इब्राहिम पुन्हा सुन्नी. गादीवरचं माणूस बदललं की खुतब्यातली नावं बदलत आणि अर्ध्या दरबाराची चाकरी धोक्यात येई. म्हणून ‘पुढचा सुलतान कोण’ हा प्रश्न प्रत्येक शिलेदाराच्या चुलीपर्यंत पोचायचा.

नगरचा अंक याहून बिकट आहे. १५८८ मध्ये मुर्तझाला त्याच्या मुलाने, मिरान हुसेनने, हमामखान्यात कोंडून मारलं. वर्षाच्या आत मिरान हुसेनही मारला गेला. गादीवर आलेल्या इस्माईलला त्याच्या स्वतःच्या बापाने, चांदबीबीचा भाऊ बुऱ्हाण याने, १५९१ मध्ये खाली ओढलं. १५९५ मध्ये बुऱ्हाण गेला, त्याचा दुसरा मुलगा इब्राहिम काही महिन्यांत लढाईत पडला. त्याचा मुलगा बहादूर अगदीच तान्हा. या घराण्याची रीत अशी की गादीवर हक्क सांगू शकेल अशा प्रत्येक पुरुषाला किल्ल्यावर ठेवायचं. लोहगडावर बुऱ्हाणची मुलं होती. बहादूरला मियाँ मंजू या वजिराने जुन्नरजवळच्या चावंडवर नेऊन ठेवलं आणि अहमद नावाचा एक मुलगा निजामशाही रक्ताचा म्हणून गादीवर बसवला. तपासात निघालं की त्याचा घराण्याशी संबंधच नाही. मग चार बाजू झाल्या: मियाँ मंजूचा अहमद, नगरच्या इखलासखान हबशाने (विजापूरचा तो हा नव्हे) पुढे केलेला मोती नावाचा पोर, अभंगखान हबशाने आणलेला, पहिल्या बुऱ्हाणचा म्हातारा मुलगा अली, आणि चांदबीबीचा बहादूर, तिच्या भावाचा नातू.

इथे तुमच्या ‘खरा जोर कुणाचा’ या प्रश्नाचं उत्तर आहे. चौघांत फौज सगळ्यात कमी कुणाची, तर चांदबीबीची. तरी शेवटी बहादूरच टिकला. कारण कुठलं पोर खरं घराण्याचं हे सांगण्याचा अधिकार घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा होता आणि हुसेन निजामशहाची मुलगी म्हणून तिचा शब्द सरदार खोटा पाडू शकत नव्हते. जनान्याचं बळ म्हणतात ते हे. कुजबुज आणि कारस्थानं होतीच, पण बाळंतपणं ज्यांच्या डोळ्यांदेखत झाली त्यांची साक्ष ही त्या राज्यातली सगळ्यात मोठी साक्ष होती.

मियाँ मंजूने मात्र भांडणात मुघलांना बोलावलं. अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम डिसेंबर १५९५ मध्ये नगरपुढे आले. आता तलवार. वेढ्यात मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या ख्वाजा मुहम्मदखान शिराझी या माणसाने रात्री किल्ल्यात येऊन सुरुंगांच्या जागा सांगितल्या. चांदबीबीने आतून उलट खणायला लावून दोन सुरुंगांतली दारू काढून घेतली. तिसऱ्यावर काम चालू असतानाच मुघलांनी तो उडवला. फेब्रुवारी १५९६. तट फुटला, माणसं उडाली, बरेच सरदार पळायच्या बेतात. तेव्हा ती चिलखत घालून, तोंडावर पडदा घेऊन, नागवी तलवार हातात धरून खिंडाराशी आली, असं फिरिश्ता लिहितो. संध्याकाळपर्यंत खिंडार लढवलं आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. तेव्हा तलवार हातात द्या, बिनधास्त द्या. पण तिला मैदानात घोडा फेकत मुघलांची मुंडकी उडवताना दाखवू नका. ती घराच्या फुटलेल्या भिंतीशी उभी होती, पुंजी खातून उभी होती तशीच, आणि चेहऱ्यावरचा पडदा तिने काढला नव्हता. दिग्दर्शक पडदा काढायला सांगेल, ऐकू नका. पडदा आणि तलवार दोन्ही एकत्र, हीच त्या प्रसंगाची ताकद आहे.

गोळे संपल्यावर तिने तोफेत आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरून उडवली, ही गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. ती लोककथा म्हणून घ्या, एखाद्या शाहिराच्या तोंडी द्या. प्रत्यक्षात वेढा उठण्यामागे आणखी कारणं होती: मुराद आणि खानखानान यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, दाणावैरण कमी पडत होती, आणि विजापूरचा सुहेलखान मोठी फौज घेऊन निघाला होता. ही फौज पाठवणारा कोण, तर इब्राहिम आदिलशहा, तिने मांडीवर वाढवलेला मुलगा, आता पंचविशीतला. तिने पूर्वी जपलेलं नातं असं कामी आलं. तहात तिने वऱ्हाड मुघलांना दिलं. हा तह तिच्यावर टीका करणाऱ्यांना तेव्हाही बोचला होता. तुमच्या नाटकात कुणीतरी तिला तोंडावर विचारायला हवं, बाईसाहेब, वऱ्हाड कुणाच्या हुकमाने दिलंत?

शेवट तुम्हाला माहीत आहे, पण त्याची जागा लक्षात घ्या. तहानंतरही वकील नेमणं आणि वकील उलटणं तेच चालू राहिलं. आधी मुहम्मदखान, मग अभंगखान. १६०० मध्ये शहजादा दानियालच्या मुघल फौजा पुन्हा आल्या. या वेळी लढून उपयोग नाही हे तिला दिसत होतं. किल्ला अटींवर द्यावा आणि बहादूरला घेऊन जुन्नरला जावं, असा तिचा विचार होता. तो तिने नगरच्या हमीदखान या ख्वाजासऱ्याला (विजापूरचा हबशी सरदार तो वेगळा) बोलून दाखवला. तो बाहेर धावला, चांदबीबी मुघलांना फितूर झाली म्हणून ओरडत. दख्खनी शिपायांचा जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला तिथेच मारलं. ज्या भिंतीशी चार वर्षांपूर्वी ती पडदा घेऊन उभी होती त्या भिंतीवर नाही, तर आतल्या खोलीत. काही आठवड्यांत, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला पडला. लहानग्या बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत नेलं. हमीदखान दुष्ट होता म्हणून हे झालं, असं लिहिलंत तर प्रवेश हलका होईल. त्या जमावातल्या माणसांनी वऱ्हाड जाताना पाहिलं होतं आणि आता नगरही जाणार असं ऐकलं होतं. त्यांची भीती खरी होती.

उरलेलं भराभर सांगतो. भाषा: लखनवी उर्दूतले ‘आदाब अर्ज’ प्रकारचे संवाद काढून टाका, ती भाषा या काळाची नाही, प्रदेशाचीही नाही. फर्मानं फारसीत निघत, घरात आणि फौजेत दख्खनी चाले, आणि विजापूरला पहिल्या इब्राहिमने हिशेबाच्या दफ्तरातून फारसी हटवल्यावर तिथे ब्राह्मण कारकुनांचा भरणा झाला. नाटक मराठीत आहे, तर सरळ मराठी लिहा. मराठे आणि कारकून तिच्याशी मराठीतच बोलले तर काहीच बिघडत नाही. वय: पहिल्या अंकात तिशी, शेवटी पन्नाशी, सगळ्या जाहिरातींत दिसते तशी विशीतली नायिका नको. स्थळ: नगरजवळच्या डोंगरावर जी तीनमजली इमारत लोक ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून दाखवतात ती तिचा महाल नाही, सलाबतखानाची कबर आहे, सोलापूरसाठी लग्न अडवणाऱ्या त्याच सलाबतखानाची. जाहिरातीसाठी फोटो काढायचेच असतील तर किल्ल्याच्या तटाशी काढा. मात्र किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो, परवानगीची चौकशी आधी करा.

आणि नाटकाला शेवटी एक ओळ सूत्रधाराच्या तोंडी हवी असेल तर ती मलिक अंबरची असू द्या. नगर पडल्यावर त्याने परांड्याला निजामशाही रक्ताचा दुसरा मुर्तझा शोधून काढला, त्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला देऊन टाकली. पात्रांची यादी तयार झाली की इथेच टाका. कोण कुणाचं कोण लागतं ते मी तपासून देतो.